इंचटेप आणि कालनिर्णय

खुर्चीत बसायच्या आधीच तिनं पर्समधून शिंप्याची पिवळी टेप काढून टेबलावर ठेवली. "मॅडम, कंबर ७४, हिप्स ८६. भागाकार ०.८६ येतो. मोबाइलवर वाचलं, ०.७ असेल तर हार्मोन्स चांगले. म्हणजे माझं काही खरं नाही ना?"

लालबागची मुलगी, वय २९. चौदा महिने प्रयत्न चाललेत. मोठी जाऊ भरल्या अंगाची, दोन मुलांची आई. सासूबाई पाहुण्यांदेखत म्हणतात, "हिचं अंग फळीसारखं, पोर राहणार कुठं?"

टेप बाजूला सारून मी विचारलं, "पाळीच्या तारखा कुठं लिहितेस?" तिनं फोनवर कालनिर्णयच्या पानांचे फोटो दाखवले. दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीचा बारीकसा गोल, घरात कुणाला कळू नये इतका पुसट. आम्ही दिवस मोजले. २९, ३१, ३०, २९, ३०.

वयात येताना इस्ट्रोजेनमुळे मांड्या-नितंबांवर चरबी धरते, हे खरं. पण कुणाच्या अंगावर किती धरणार, यात आईबापांकडून आलेल्या ठेवणीचा वाटा मोठा. दर महिन्याला बीज सुटतंय का, हे टेप सांगत नाही. अशी नेमानं येणारी पाळी मात्र बऱ्यापैकी सांगते. 'कमरेची हाडं अरुंद' ही काळजीही बाळंतपणाची, दिवस राहण्याची नव्हे. त्यातही आतल्या हाडांची जागा बाहेरून दिसत नाहीच.

अंगकाठी काहीच सांगत नाही, असंही नाही. पोटाचा घेर वाढतोय, पाळी दोन-दोन महिने लांबतेय, हनुवटीवर राठ केस येतायत, तर पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास, तपासायलाच हवा. तिथं वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी रुळावर येते. उलट खाणं तोडून फार वाळलं, तर मेंदूच पाळी थांबवतो. हिचं वजन ४७ किलो, उंची पाच फूट एक इंच. यातलं काहीच नव्हतं.

"आणि त्यांची तपासणी?"

"कुणाची?" तिला खरंच कळलं नाही.

काढे झाले, डिंकाचे लाडू झाले, नवस बोलून झाले. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी तेवढी राहिली होती. (हे मला दर महिन्याला ऐकायला मिळतं, तरी राग येतोच.) वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर तपासणी दोघांची करायची, बाईनं पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांतच. मी औषधं देत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली आणि त्याला घेऊन यायला सांगितलं.

पुढच्या बुधवारी तो आला, हेल्मेट मांडीवर धरून बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "सॅम्पल घरूनच द्यावं लागतं का? आमच्याकडे सात माणसं, बाथरूम एक."

"लॅबमध्ये वेगळी खोली असते. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा."

त्यानं लिहून घ्यायला खिसे चाचपले. तिनं पर्समधली पेन्सिल काढून दिली.