साठीनंतरची स्पोर्ट बाईक: हँडल नंतर, आधी सीट

प्रश्न असा आहे: "वडील ६२ वर्षांचे, आम्ही इंदूरचे. त्यांची फेअरिंगवाली (पुढून प्लास्टिकचं आवरण असलेली) १५० सीसीची स्पोर्ट बाईक आहे आणि ती विकायला ते तयार नाहीत. पाऊण तास चालवली की हाताला मुंग्या येतात, मान आखडते. कोणता हँडल रायझर घ्यावा आणि खर्च किती येईल?"

रायझरचं (हँडल उंच करणाऱ्या पार्टचं) नाव मी देणार नाही, कारण बहुतेक तुम्हाला तो लागणारच नाही. हात बधिर होतात म्हणून लगेच हँडल उंच करायचं, ही इंदुरात गेली कित्येक वर्षं चाललेली चूक आहे.

हातावर वजन येतं कुठून ते बघा. स्पोर्ट बाईकची सीट टाकीकडे उतरती असते. माणूस त्या उतारावरून पुढे घसरतो, ब्रेक लागला की आणखी घसरतो, आणि घसरणारं अंग अडवायला तळहात तेवढे उरतात. पंचविशीतला मुलगा पोटाच्या, पाठीच्या आणि मांड्यांच्या जोरावर स्वतःला धरून ठेवतो. साठीत तो जोर कमी झालेला असतो, म्हणून तेच वजन मनगटात उतरतं. हँडल दोन इंच वर घेतलं तरी सीटचा उतार तसाच राहतो.

घरीच तपासा. गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) सरळ उभी करा, दोन्ही बाजूंनी एकेक माणूस धरायला ठेवा. वडिलांना नेहमीसारखं बसू द्या, पाय फूटरेस्टवर, गुडघे टाकीला टेकलेले. आता दोन्ही हात हँडलपासून दोन बोटं वर उचलायला सांगा. पंधरा सेकंद तसं बसता आलं तर सीट ठीक आहे. अंग पुढे घसरलं, तर दोष सीटमध्ये किंवा पायांच्या जागेत आहे. मुंग्या कोणत्या बोटांना येतात तेही विचारा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर मनगट मागे दुमडतंय, म्हणजे ब्रेक-क्लचचे लिव्हर बहुधा फार वर बसवलेले आहेत. हाताचा कोपरापासूनचा भाग आणि बोटं एका रेषेत येतील इतके ते खाली फिरवा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार पडतोय. तिथे सीट आणि जाड ग्रिप कामाला येतात.

आता हँडल उंच केल्यावर काय होतं ते एका गाडीवरूनच सांगतो. महूकडच्या एका निवृत्त शिक्षकांची गाडी माझ्याकडे तपासायला आली. तक्रार अशी: "हँडल उंच करून घेतलं, तरी हात तसेच दुखतात, आणि आता ऐंशीच्या पुढे पुढचं चाक थरथरतं." त्यांच्या गाडीचे क्लिप-ऑन, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या एकेका डंड्यावर आवळलेले हँडलचे दोन तुकडे, मुळात वरच्या टीच्या (दोन्ही डंडे धरणाऱ्या आडव्या पट्टीच्या) खाली होते. एका दुकानात दोन्ही टींचे बोल्ट ढिले करून पुढच्या शॉकअपचे डंडे २५ मिमी वर सरकवले आणि त्या बाहेर आलेल्या भागावर तेच क्लिप-ऑन बसवून दिले. नवा एकही पार्ट लागला नाही, त्यामुळे काम स्वस्तात झालं.

पहिली गोष्ट, क्लिप-ऑनची पकड ३० मिमी उंचीची होती आणि डंडा २५ मिमीच बाहेर होता. वरची ५ मिमी पकड हवेत. क्लिप-ऑन फिरू नये म्हणून कंपनीने दिलेली खुंटी वरच्या टीच्या भोकात बसते. ती आड येते म्हणून ग्राइंडरने उडवली होती. जोरात ब्रेक मारताना हँडल डंड्याभोवती फिरलं असतं, तर सावरायला काहीच उरलं नसतं.

दुसरी गोष्ट भूमितीची. डंडे वर सरकवले म्हणजे गाडीचं तोंड तेवढं खाली बसलं. सव्वातेराशे मिमी व्हीलबेसच्या (दोन एक्सलमधल्या अंतराच्या) गाडीत २५ मिमी म्हणजे जवळपास १ अंश. काट्याचा, म्हणजे पुढच्या डंड्यांच्या जोडीचा, कोन तेवढा उभा झाला आणि ट्रेल (हँडल फिरण्याची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथपासून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) साधारण ६ मिमी घटली. चाकाला सरळ रेषेत परत आणण्याचं काम ट्रेल करते, म्हणून थरथर सुरू झाली. ट्रॅकवर रेसर हे मुद्दाम करतात, पण काही मिमीच, आणि गाडी वळणात पटकन पडावी म्हणून. बासष्ट वर्षांच्या माणसाला खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याच्या नेमकं उलट हवं असतं.

तिसरी गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही. तोंड १ अंश खाली गेलं म्हणजे सीटही १ अंश आणखी पुढे उतरती झाली. ज्या उतारामुळे हात दुखत होते, तोच वाढवून ठेवला. हेडलाइटसुद्धा १ अंश खाली झुकला, म्हणजे दहा मीटरवर उजेड सतरा सेंटिमीटर खाली. शॉकअप पूर्ण दबला की मडगार्ड फेअरिंगला घासत होतं, त्याची खूण स्पष्ट दिसत होती. आणि हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणून आयडलिंग आपोआप चढत होतं. अरुंद गल्लीत यू-टर्न घेताना गाडी स्वतःहून पळाली तर साठीच्या माणसाने काय करायचं?

आम्ही सगळं मूळ जागी आणलं. इंजिनखाली आधार देऊन पुढचं चाक उचललं, डंडे सरकवले, दोन्ही बाजू व्हर्नियरने मोजून सारख्या केल्या. एक्सल हाताने आरपार जायला हवा, हातोडी लागली तर डंडे खालीवर आहेत असं समजावं. मग दोन्ही टींचे बोल्ट टॉर्क रेंचने, त्यानंतर एक्सलचा नट, मग ब्रेक धरून पुढचा शॉकअप पाच-सहा वेळा दाबला आणि एक्सलचा क्लॅम्प बोल्ट सगळ्यात शेवटी. खुंटी उडवलेले क्लिप-ऑन भंगारात टाकले.

मग सीट. मोबाइलमधल्या लेव्हलने सीटचा उतार मोजा, पण माणूस बसलेला असताना. रिकाम्या सीटचं माप फसवं असतं. टाकीच्या टोकाला २० मिमी जाड आणि मागे १५० ते १८० मिमीपर्यंत शून्य होत जाणारी पाचर लावली की माणूस सीटच्या मागच्या, रुंद भागात जिथे बसायला हवा तिथेच राहतो. पाचरीला रिबॉन्डेड फोम (तुकडे दाबून बनवलेला कडक फोम) घ्या. सोफ्याचा ३२ डेन्सिटीचा फोम सीटवाला हमखास पुढे करतो, तो दोन महिन्यांत बसतो. वर १० मिमी मऊ थर पुरतो. रबर सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. बोट लावल्यावर चिकटेल पण बोटाला लागणार नाही, तेव्हा दाबा. ओलं असतानाच दाबलं तर कडा सुटतात. रेक्झिनखाली प्लास्टिकचा कागद घाला, नाहीतर पावसाळ्यात फोम स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो. पिना स्टेनलेसच्या आणि ६ मिमीच्या घ्या, लांब पिना बेसमधून आरपार येतात. रेक्झिन चकाकणारं, घसरडं नको. जेल पॅडच्या भानगडीत पडू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीवर जेल तापतं आणि तापलेलंच राहतं.

पुढचा भाग भरला की मांड्या फाकतात आणि पाय जमिनीला कमी पुरतात. म्हणून पाचर लावताना दोन्ही बाजूंच्या कडा तासून सीट पुढे अरुंद ठेवायला सांगा. हे सीटवाले विसरतात, आणि मग "काकांचे पाय टेकत नाहीत" म्हणून सगळं काम बदनाम होतं.

मागचा मोनोशॉक, म्हणजे मागचा एकुलता शॉकअप, तोही बघा. खड्ड्यात खाली आपटते म्हणून कुणीतरी प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) शेवटच्या खाचेत नेऊन ठेवलेला असतो. मागची बाजू उचलली गेली की सीट पुन्हा पुढे झुकते, आणि प्रत्येक दणका कमरेत जातो. गाडी मागून उचलून चाक मोकळं असताना एक्सलपासून टेललाइटपर्यंत मोजा, मग वडील बसल्यावर मोजा. फरक ३० ते ३५ मिमी यावा. २० आला तर हुक पान्याने एकेक खाच कमी करत जा.

टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप पॅड लावा. जाम गेटचा घाट उतरून निमाडात जाताना सगळं वजन पुढे येतं. तिथे गुडघ्यांनी टाकी धरता आली तर हात मोकळे राहतात. पँट टाकीवरून घसरत असेल तर धरायचं कशाने?

एवढं करूनही मान दुखत असेल तर मग हँडल. तेसुद्धा डंडे न हलवता, त्याच व्यासाच्या डंड्यासाठी बनवलेले २५ ते ३० मिमी उंचीचे क्लिप-ऑन लावून. त्याहून जास्त उंचीला ब्रेकचा होज (तेलाची नळी) आणि केबल नव्या लांबीच्या लागतात. डंड्यावरचं ग्रीस पेट्रोलने पुसून कोरडं करा. क्लॅम्पचे बोल्ट एम-६ असतील तर साधारण १० न्यूटन-मीटर. यूएसडी (उलट्या बसवलेल्या) शॉकअपची बाहेरची नळी पातळ असते, जोर लावून आवळली तर चेपते आणि शॉकअप अडकत चालतो. हँडलच्या नव्या पाइपला स्विचच्या हाउसिंगमधल्या खुंटीसाठी भोक नसतं, ते पाडूनच घ्या. खुंटी कापून काम चालवलं की अ‍ॅक्सिलरेटरचं हाउसिंग फिरतं. शेवटी पुढचं चाक हवेत लटकवून होज ताणत नाही ना ते बघा, आणि इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. आरपीएम जराही हलता कामा नये. अंगठा हँडल आणि टाकीच्या मध्ये चेपत नाही ना, तेही तेव्हाच कळतं.

गुडघे दुखत असतील तर फूटरेस्ट १५ ते २० मिमी खाली घेता येतात. सोबत गिअर लिव्हर आणि ब्रेक पॅडलही खाली आणावं लागतं, आणि पॅडलचा प्ले (मोकळी चाल) शून्य झाला तर मागचा ब्रेक धरून राहतो, डिस्क तापते.

पुढची उंच काच (विंडशील्ड) मात्र लगेच लावू नका. ऐंशीच्या वेगात छातीवर येणारी हवा वरचं अंग थोडं उचलून धरते. ती अडवली की तेवढं वजन पुन्हा हातावर.

आता ते "या वयात क्रूझर घ्या" प्रकरण. पलासियाला पोह्यांच्या गाडीवर रविवारी जमणारे निम्मे लोक साठीच्या प्रत्येक माणसाला हेच सांगतात, आणि मी दर वेळी त्यांच्याशी भांडतो. क्रूझरवर पाय पुढे असतात. खड्डा आला की पायांवर उठता येत नाही, पूर्ण वजन माकडहाडावर आणि दणका सरळ मणक्यात. स्पोर्ट बाईकवर पाय अंगाखाली असतात, सीटवरून दोन बोटं उठलं की खड्डा गुडघ्यांनी झेलता येतो. कमरेची तक्रार असलेल्या कितीतरी लोकांना नीट केलेली स्पोर्ट बाईक क्रूझरपेक्षा जास्त मानवते. वडिलांना गाडी विकायची नाही, तर ती त्यांच्या मापाची करून देणं हे आपलं काम आहे. वय सांगून गप्प बसवणं नाही.

काही गोष्टी मात्र खऱ्या आहेत. रात्री झोपेतही हात बधिर होत असतील, हातातून वस्तू सुटत असतील, किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टर, नंतर सीटवाला. मान मागे नेल्यावर चक्कर येत असेल तर स्पोर्ट बाईक नकोच, तिथे माझा वरचा सगळा युक्तिवाद लागू नाही. हँडल बदलणार असाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आड येऊ शकतं, आणि विमा कंपनीला कळवलं नसेल तर दाव्याच्या वेळी त्रास होतो. सीटच्या फोमला हा प्रश्न सहसा येत नाही, हेही आधी सीट करण्याचं एक कारण.

चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर गाडीसाठी फक्त लांबचा नंबर असलेला, उंच काचेचा वेगळा चष्मा करा. वाकून बसल्यावर नजर काचेच्या वरच्या कडेतून जाते. फ्रेम बुटकी असेल तर ती कड डोळ्यांसमोर येते आणि ती चुकवायला मान आणखी मागे न्यावी लागते. निम्मी मानदुखी तिथलीच असते.

खर्चाचं म्हणाल तर मोनोशॉक आणि लिव्हर फुकटात होतात, फक्त पाना लागतो. सीट त्यानंतर. आधी एवढं करून महेश्वरपर्यंत एक फेरी मारू द्या, दर पाऊण तासाला थांबून. परत आल्यावर कोणती बोटं बधिर झाली ते इथेच लिहा, मग हँडलचं बघू.