मोतीची गोळी आणि ओली पडवी

प्रश्न : पावसाळाभर आमचा कुत्रा मोती खाजवून हैराण. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी दिली, खाज थांबली. पण तीन आठवडे झाले, आता बादलीत तोंड घालून पाणी पितो नि रात्री पडवीत मुततो. गोळी बंद करू का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : पडवी पुसा, मोतीला रागावू नका. तहान, लघवी, भूक हे त्या स्टिरॉइडचेच प्रताप. पाणी तोडू नका, आणि गोळी एकदम बंद तर मुळीच नको. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं आपलं स्टिरॉइड, करण्यात आळसावतात. गोळी अचानक थांबली तर कुत्रं गळून जातं, ओकतं. तुमचे डॉक्टरच डोस हळूहळू उतरवतील. तोवर गोळी भातात कालवून द्या. लंगडला म्हणून जोडीला मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक नको, पोटात व्रण होतात. (घरातल्या माणसांची गोळी तर नकोच. हे मला दर पावसाळ्यात सांगावं लागतं.)

खाजेचं मूळ मात्र गोळीखाली झाकलं गेलंय. शेपटीच्या बुडाशी केस उलटे करा, काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर टेकवा. तांबूस डाग उमटला तर पिसवा. मग मोतीचं गोणपाट आधी उकळत्या पाण्यात घाला.