‘बंदर क्र. ७ : सक्षम’ म्हणजे काय?

फोंड्याच्या एका शिक्षिका कॉम्प्युटर लॅबसाठी मराठीत सूचना लिहितायत. नेटवर्क स्विचच्या (केबलने कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या पेटीच्या) कोणत्या पोर्टवर, म्हणजे केबल खोचायच्या खाचेवर, डिस्कव्हरी प्रोटोकॉल (शेजारच्या उपकरणाला आपली ओळख सांगायची पद्धत) इनेबल आहे, हे पाहायची ती सूचना. मसुद्यात उतरलंय ते असं : ‘बंदर क्र. ७ : शोध शिष्टाचार स्थिती : सक्षम’. हे बरोबर आहे का, असं त्यांनी विचारलंय.

बाई, गोव्यात बंदर म्हटलं की मुरगावच्या बोटी दिसतात. पोर्तुगीजमध्ये पोर्तो म्हणजे बंदर आणि पोर्ता म्हणजे दार. स्विचचा पोर्ट या दाराच्या गोतातला. तेव्हा पोर्टच लिहा. शिष्टाचार राजभवनाला शोभतो, इथे प्रोटोकॉल.

खरी गोची ‘सक्षम’ची आहे. मराठीत सक्षम म्हणजे ज्याच्या अंगी कुवत आहे तो. सातव्या पोर्टवर सीडीपी (सिस्को कंपनीचा डिस्कव्हरी प्रोटोकॉल) कुणी बंद करून ठेवला, तरी त्या पोर्टची कुवत कुठे जात नाही. म्हणजे तो सक्षमही आहे आणि बंदही! सरकारी हिंदीतून आलेला हा शब्द इथे वाचणाऱ्याला सरळ चकवतो. आपला ‘चालू’ काय वाईट आहे?

पण ‘पोर्ट चालू’ लिहू नका. केबल जोडून दिवा लुकलुकला की पोर्ट चालूच म्हणतात. ‘पोर्टवर सीडीपी चालू’ असं लिहा, त्या ‘वर’वर सगळं अवलंबून आहे. एलएलडीपीत (कुठल्याही कंपनीच्या उपकरणांना चालणाऱ्या तशाच प्रोटोकॉलमध्ये) आणखी एक मेख : पाठवणं आणि ऐकणं वेगवेगळं चालू-बंद करता येतं, त्यामुळे तिथे दोन रकाने हवेत.

आता ‘शोध’. इथे कुणी कुणाला शोधायला निघत नाही. सिस्कोचा सीडीपी, सेटिंग बदललं नसेल तर, दर ६० सेकंदांनी, एलएलडीपी साधारण ३० सेकंदांनी, ‘मी अमुक स्विच, माझा तमुक पोर्ट’ एवढं सांगतो. ही वर्दी केबलच्या पलीकडच्या शेजाऱ्यापर्यंतच. तो ती सहसा पुढे पाठवत नाही. म्हणून दवंडी हा शब्दही चालणार नाही, दवंडी गावभर फिरते. मी ‘ओळख’ म्हणेन. कोकणीत वळख म्हणतातच, मुलांना परकं वाटायचं नाही.

‘नेबर’ला मात्र शेजारी अगदी चपखल. फक्त शेजाऱ्यांची यादी रिकामी दिसली म्हणून आपल्याकडे ओळख बंद आहे असं नव्हे. शेजारीच गप्प असेल. आपल्या पोर्टचं पाहायला ‘शो सीडीपी इंटरफेस’ ही कमांड आहे. ज्या पोर्टांवर सीडीपी चालू आहे तेवढेच तिच्यात दिसतात.

तेव्हा सूचना अशी करा : ‘पोर्ट ७ वर ओळख-प्रोटोकॉल चालू आहे का ते पाहा.’ आणि खाली कंसात सीडीपी की एलएलडीपी ते लिहा, नाहीतर पोरं नेमकं दुसरंच तपासून येतील.