सत्काराआधी हजेरीबुक बघा

८ मार्च जवळ आला की आमच्याकडं सत्काराबद्दलची पत्रं वाढतात, कुणाचा करू, कसा करू, केला तर काय बोलू. यावेळी त्यातलीच चार घेतलीत. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

ताई नमस्कार. आमचं ११ जणींचं महिला मंडळ आहे. गेल्या वर्षी आम्ही ठरवलं की ज्या मालकांनी बायकांना पुढं आणलं त्यांचा सत्कार करायचा. एका गारमेंटवाल्यांना दिला, कारण त्यांच्याकडं शंभरेक बायका कामाला आहेत आणि दिवाळीला सगळ्यांना साडी देतात. कार्यक्रम संपल्यावर तिथंच काम करणारी एक बाई मला हळूच म्हणाली, मॅडम, आम्हाला विचारायचं तरी होतं. ते मनाला फार लागलंय. यावर्षी करायचंय पण नीट करायचंय. कसं निवडायचं? (इचलकरंजी)

त्या बाईंनी निवडीची पद्धतच सांगितली की तुम्हाला. विचारायचं. जिथं सत्कार करायचाय तिथल्या बायकांना विचारायचं, आणि मालकाच्या केबिनमध्ये बसवून नाही, सुपरवायझर शेजारी उभा असताना तर नाहीच. तुम्ही अकराजणी त्याच गावात राहता, भिशीला, हळदीकुंकवाला, रिक्षा स्टॉपवर त्याच बायका भेटतात, बाहेरून आलेल्या कुठल्याही समितीला हे जमणार नाही. नावं लिहून घेऊ नका, नुसतं ऐका.

माझी एक गोष्ट सांगते. मी एकदा अशाच एका निवड समितीवर होते, गाव सांगत नाही. तिघीजणी एका युनिटला गेलो, मालकांनी चहा दिला, लाइन फिरवून दाखवली, सगळ्या मशीनवर बायका, बघून आम्ही खूश. निघताना मी संडास कुठंय विचारलं तर समजलं की कुलूप आहे आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात. पुरुष सुपरवायझर. म्हणजे चाळीसेक बायका दिवसभर त्या माणसाकडं किल्ली मागणार, तीही त्याच्या मूडप्रमाणं मिळणार, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या, हे एकीनं दारात मला कानात सांगितलं. आणि आम्ही काय केलं, तर परत येऊन त्यालाच बक्षीस दिलं, कारण पत्रिका छापून झाल्या होत्या. ते मला आजपर्यंत टोचतंय. म्हणून म्हणते, पत्रिका सगळ्यात शेवटी छापा.

आता शंभर बायकांचं. शंभर बायका कामाला असणं आणि शंभर बायका पुढं जाणं यात फार अंतर आहे, कमी पगारात मिळतात म्हणूनही बायका ठेवतात लोक. गारमेंटमध्ये बघा, धागे कापायला बायका, बटणं लावायला बायका, चेकिंगला पॅकिंगला बायका, आणि कटिंग मास्टर बहुतेक ठिकाणी पुरुष. का बरं? कात्री बाईला चालवता येत नाही का? तर मालकांना सांगा की पाच वर्षांपूर्वीचं हजेरीबुक आणि आजचं शेजारी शेजारी ठेवा. तेव्हा हेल्पर असलेल्या किती जणी आज मशीनवर आल्या, मशीनवरच्या किती लाइन बघायला लागल्या, कटिंगला एकतरी गेली का. नाव तेच आणि काम तेच असेल तर दिवाळीच्या साड्या कितीही भारी असोत, पुढं कुणी गेलेलं नाही. त्याच बैठकीत पगारपत्रक मागा, एकाच कामाला बाईला आणि पुरुषाला किती ते बघा, समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला, त्यामुळं नवीन काही मागतोय असं वाटून घेऊ नका.

दुसरं म्हणजे बाळंतपण. गेल्या तीन वर्षांत किती जणी बाळंतपणाला गेल्या आणि त्यातल्या किती परत आल्या, एवढा एकच आकडा विचारा. खूप काही कळतं त्यातून. २०१७ साली पगारी रजा १२ आठवड्यांची २६ झाली, पहिल्या दोन मुलांसाठी, आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर सक्तीचं झालं, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जाता येतं. मालक म्हणतात परवडत नाही. पण जिथं ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागू आहे तिथं त्या बाईचा रजेतला पैसा ईएसआयकडून येतो, मालकाच्या खिशातून नाही, तिनं पुरेसे दिवस भरले पाहिजेत आणि मालकानं तिचं नाव वेळेवर चढवलं पाहिजे इतकंच. नेमकं तेच होत नाही, सहा महिने कंत्राटदाराच्या नावावर, मग चार महिने ब्रेक, मग परत नवीन, आणि पोट दिसायला लागलं की कामच नाही. जिथं बाळंतपणानंतर बाई परत आली आणि आधीच्याच कामावर, आधीच्याच पगारावर बसली, तिथं थांबा, तो मालक सत्काराच्या जवळ आलाय.

तिसरं, तक्रार समिती. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा, दहा माणसं असली की अंतर्गत समिती हवीच, तिची अध्यक्ष तिथलीच वरच्या पदावरची बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरची. भिंतीवर बोर्ड आहे का एवढंच बघून येऊ नका, लाइनवरच्या कुणालाही विचारा की अध्यक्ष कोण आहे. नाव सांगता आलं तर समिती आहे. समितीनं दरवर्षी अहवाल द्यायचा असतो, त्याची प्रत मागा. अहवालात तक्रार आली असं दिसलं तर दचकू नका, मला तर उलट जिथं कधीच एकही तक्रार नाही तिथली जास्त काळजी वाटते.

तुमच्यातलीच कुणी म्हणेल की मालकांचे सत्कार कशाला, बाईचाच करू. बाईचा कराच. पण नुसता बाईचा करून काय होतं ते सुरेखा यादवांकडं बघून कळतं. साताऱ्याच्या या बाई १९८८ मध्ये रेल्वे चालवायला लागल्या, आशियातल्या पहिल्या, १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली, किती हार पडले त्यांच्या गळ्यात, आणि सगळे रास्त. पण इंजिनात संडास नाही ही लोको पायलट बायकांची तक्रार मात्र वर्षानुवर्षं चालूच राहिली. हार गळ्यात पडला, इंजिनात फारसं काही बदललं नाही. मालकाचा सत्कार करायचा तो याच्यासाठी, की त्यानं जागा बदलली. १९७४ मध्ये टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं होतं, सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांनी जेआरडी टाटांना रागानं पोस्टकार्ड लिहिलं, तर त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावलं आणि नोकरी दिली. एका मुलीच्या पोस्टकार्डावर एवढ्या मोठ्या कंपनीनं आपली चूक सुधारली. आज त्याच टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात गाड्या जोडणारी अख्खी लाइन बायका चालवतात.

आणि यावर्षी कुणीच बसलं नाही यात, तर देऊ नका कुणाला. जाहीर सांगा की यंदा कुणी नाही. पुढच्या वर्षी चार मालक स्वतःहून हजेरीबुकं घेऊन येतील.

ताई, माझं साड्यांचं छोटं दुकान आहे, सात मुली कामाला. दहाच्या आत असल्यामुळं मला बरंच काही कायद्यानं लागू होत नाही. तरी मी काऊंटरमागं स्टुलं ठेवलीत, गिऱ्हाईक नसेल तर बसायचं, आणि साडेसातला शटर बंद करतो म्हणजे मुली वेळेत घरी. एकीला बाळंतपणात दोन महिने पगार दिला. व्यापारी संघाचा पुरस्कार आहे, मिसेस म्हणतात अर्ज करा, मला आपणच आपलं सांगायला कसंतरी वाटतं. (बार्शी)

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्या स्टुलांपाशी दोन्ही वेळा थांबले. साडीच्या दुकानात दहा-दहा तास उभं राहून पाय सुजतात, शिरा फुगतात, पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका, आणि आपण गिऱ्हाईक म्हणून गादीवर बसून अजून दाखवा अजून दाखवा म्हणत असतो. केरळमध्ये दुकानातल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केलं, वर्षं गेली त्यात, तेव्हा कुठं २०१८ मध्ये कायदा बदलला आणि बसायला जागा देणं बंधनकारक झालं, मग २०२१ मध्ये तमिळनाडूनंही केलं. जे तिथं लढून मिळवावं लागलं ते तुम्ही कुणी न सांगता दिलं.

अर्ज करा, पण तुम्ही लिहू नका. सातजणींना लिहू द्या, त्यांना हवं ते, आणि तुम्ही न वाचता तसाच बंद पाकिटात द्या. कसंतरी वाटायचं कारणच राहणार नाही.

एक मात्र तुम्ही केलेलं दिसत नाही म्हणून सांगते. दहाच्या आत माणसं असलेल्या दुकानातल्या मुलींसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते, छळाची तक्रार तिथं करता येते, मालकाविरुद्धही करता येते, तीन महिन्यांच्या आत. तिचा पत्ता आणि फोन एका कागदावर लिहून स्टुलांच्या वरच्या भिंतीला लावा. स्वतःच्या दुकानात स्वतःविरुद्ध तक्रारीचा पत्ता लावणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, तुम्ही पहिले व्हाल.

ताई मी २७ वर्षांची आहे, एमआयडीसीत कामाला. बाळ झाल्यावर मला परत घेतलं आणि गेल्या वर्षी लाइन लीडर केलं, आमच्याकडं पहिलीच बाई. आता साहेबांना पुरस्कार मिळणारे आणि मला स्टेजवर त्यांच्याबद्दल बोलायला सांगितलंय, भाषणसुद्धा एचआरनं लिहून दिलंय. पण लीडर होऊन वर्ष झालं, पगार ऑपरेटरचाच आहे. माझ्याबरोबर लीडर झालेल्या मुलाचा वाढला. खोटं बोलायची इच्छा नाही आणि नोकरीपण घालवायची नाही. (चाकण)

अगं, आधी तुझं अभिनंदन, पहिली बाई असणं सोपं नसतं, लाइनवरचे पुरुष पहिले सहा महिने काय काय ऐकवतात ते मला तुझ्याचसारख्या कितीतरी मुलींनी सांगितलंय.

कार्यक्रमाला अजून दिवस आहेत ना, मग ते दिवस वापर. एचआरला लेखी अर्ज दे, ईमेल कर, दोन ओळींत, अमुक तारखेपासून लाइन लीडरचं काम करतेय, पगार त्या पदाचा व्हावा, बरोबरीच्या सहकाऱ्याचा झालाय. पुरस्काराचं एक अक्षर त्यात घालू नको, धमकी दिल्यासारखं वाटायला नको, त्यांना तारीख दिसतेच आहे. साहेबांना कदाचित हे माहीतही नसेल, पगाराच्या फायली खालीच अडकतात पुष्कळदा. आणि माहीत असेल तर त्यांनाही कळू दे की तुलाही माहिताय.

भाषण मात्र तुझं तू लिही. जे झालं ते सांग, बाळ झाल्यावर परत घेतलं, लीडर केलं, ते खरंच आहे आणि चांगलंच आहे, त्याचे आभार मनापासून मान. जे झालेलं नाही ते झालं म्हणू नको, एवढंच. एचआरचा कागद नम्रपणे परत कर, म्हण की मला पाठ होत नाही, मी माझ्या शब्दांत बोलते.

म्हसवडच्या माणदेशी बँकेची गोष्ट तुला सांगावीशी वाटते. चेतना सिन्हांनी तिथल्या बायकांसाठी बँक काढायची ठरवली तर आधी रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण बऱ्याचजणी अंगठेबहाद्दर. त्या बायका अक्षरं शिकल्या, परत गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की व्याजाचा कुठलाही हिशेब घाला, आम्ही तोंडी करतो, तुम्ही कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवा. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. चेतनाताईंना मी मानते ते यासाठी, की तिथं बोलल्या त्या बायका स्वतः, आपल्या शब्दांत. तूही तसंच बोल. आणि पगाराचं काय झालं ते मला नक्की कळव, मी वाट बघतेय.

आमच्या ग्रामपंचायतीला नोकरदार आणि कामकरी बायकांसाठी चांगलं काम करणाऱ्या स्थानिक पुढाऱ्याचा सत्कार करायचाय. सरपंच महिला आहेत पण कारभार त्यांचे मिस्टर बघतात. द्यायचा कुणाला? आणि शाल-श्रीफळ ऐवजी काय द्यावं? (मंगळवेढा तालुका)

मिस्टरांना देऊ नका. राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत, त्या खुर्चीवर ज्यांचं नाव आहे त्यांनीच बसायला हवं, आणि मिस्टरांचा सत्कार केला तर पुढच्या निवडणुकीतही तेच होणार. सरपंचताईंना एकदा एकटीला भेटून विचारा की तुम्हाला काय करायचं होतं, बरंच निघेल.

पुढारी कोणत्या पक्षाचा ते सोडा, कामावर जाणारी बाई पहाटे घरातून निघते आणि रात्री परत येते त्या रस्त्यावर त्यानं काय केलं ते बघा. एसटी स्टॉपपासून वस्तीपर्यंत दिवे लागलेत का, संध्याकाळची एसटी शिफ्ट सुटायच्या वेळेला यावी म्हणून डेपोत खेटे कुणी घातले, आठवडी बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बायकांसाठी पाण्याची सोय असलेला संडास आहे का, मजुरीला जाणाऱ्यांची पोरं अंगणवाडी सुटल्यावर कुठं बसतात. यातलं एक जरी कुणी पूर्ण केलं असेल, मग ते सदस्य असोत, ग्रामसेवक असोत की डेपो मॅनेजर, त्यांनाच द्या.

शाल-श्रीफळ द्या हो, त्यात वाईट काही नाही, माणसाला बरं वाटतं. माझी विनंती वेगळीच आहे. कार्यक्रम संध्याकाळी सातला ठेवू नका. सातला शेतावरनं आलेली बाई भाकऱ्या थापत असते आणि शिफ्टवाली अजून गाडीत असते, मग हॉलमध्ये पुढाऱ्यांची माणसं आणि शाळेच्या मुली तेवढ्या बसतात. दुपारी ठेवा, गावातल्या आणि आसपासच्या मालकांना आधी चिठ्ठी द्या की त्या दिवशी बायकांना दोन तास पगारी सोडा, आणि किती जणांनी सोडलं ते एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षीची निवड त्या वहीपासून सुरू करा.