एआयवरच्या विज्ञान कादंबरीचं ऑडिओबुक काढायचंय. एआयच्या पात्राला रोबोचा आवाज द्यावा का? घरी रेकॉर्डिंग जमेल का?

घरी जमेल. रोबोचा आवाज मात्र देऊ नका.

पत्र्यासारखा घुमणारा इफेक्ट दहा मिनिटं मजा आणतो. तुमची ६० हजार शब्दांची कादंबरी मराठीत आठ-नऊ तास सहज चालेल. इफेक्टमध्ये आधी व्यंजनं पुसली जातात, 'त' आणि 'ट' एकच वाटायला लागतात, आणि एसटीत इअरफोन लावून बसलेला माणूस दोनदा मागे जाऊन ऐकतो, मग बंद करतो. त्यापेक्षा एआयची वाक्यं एकाच पट्टीत, शेवटी सूर न उतरवता वाचून घ्या. एडिट करताना फक्त त्याच वाक्यांतले श्वास काढा. माणसांचे राहू द्या. नेमकं काय खटकतंय हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं. श्वासाच्या जागी कोरी शांतता ठेवलीत तर हेडफोनवर भोक पडल्यासारखं वाटतं, म्हणून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला ३० सेकंद रिकामी खोली रेकॉर्ड करून ठेवा आणि तो आवाज तिथे भरा.

त्याआधी संहिता कानासाठी दुरुस्त करा. एआयचे संवाद पुस्तकात ठळक टाइपात असतील तर ते ऐकू येत नाही. अधूनमधून 'म्हणाला' घालावं लागेल. '०३:१४:२२, सेन्सर ७, त्रुटी' ही ओळ डोळा ओलांडून जातो, कानाला ती सोसावी लागते. पहिल्यांदा पूर्ण वाचा, पुढे 'सेन्सर सात, पुन्हा त्रुटी' पुरे. डेटा की डाटा, २.४ म्हणजे 'दोन पॉइंट चार' की 'दोन पूर्णांक चार दशांश', याचा तक्ता आधीच करा.

मशीनकडून वाचून घ्यायचा मोह होईल, विषयच तसा आहे. पण मराठीतले दोन 'च' आणि दोन 'ज' तिला दगा देतात. दुनिया म्हणजे 'जग' आणि पाण्याचा 'जग' लिहायला एकच, उच्चाराला वेगळे. शिवाय मशीनचं वाचन सगळीकडे स्वीकारतातच असं नाही.

खोलीसाठी कपड्यांनी भरलेलं कपाट आणि दोन गोधड्या बास. पंखा, फ्रिज बंद. माइक तोंडापासून १५-२० सेंमी, किंचित बाजूला, नाहीतर 'प' आणि 'भ' फुटतात. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये मोनो (एकच चॅनेल), ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल निवडा. नॉइज रिडक्शन, म्हणजे मागची खरखर काढणारा इफेक्ट, जपून वापरा. जास्त झालं की पाण्याखालून बोलल्यासारखं येतं.

शेवटच्या फायलींना एसीएक्सचं, म्हणजे ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीच्या ऑडिओबुक बनवण्याच्या मंचाचं, माप धरा: आरएमएस (आवाजाची सरासरी पातळी) उणे २३ ते उणे १८ डेसिबल, पीक (सगळ्यात मोठा आवाज) उणे ३ च्या वर नको, खोलीचा आवाज उणे ६० च्या खाली, १९२ केबीपीएस एमपी३, एक प्रकरण एक फाइल, कोणतीही १२० मिनिटांच्या आत. मुखपृष्ठ चौकोनी, २४०० बाय २४०० पिक्सेल.

आणि माइक विकत घेण्याआधी प्रकाशकाशी झालेला करार काढा. ऑडिओ हक्क दिलेत का ते बघा. दिले असतील, तरी कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर एका वर्षात न वापरलेला हक्क संपल्याचं धरतात. हक्क किती काळासाठी दिले ती मुदतच लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. वाचणाऱ्याशीही लेखी करार करा, आणि त्याच्या आवाजाची नक्कल मशीनला शिकवायची की नाही ही ओळ त्यात हवीच. तुमच्या कादंबरीचा विषय बघता तो ती आधी शोधेल.