जुन्या घरातला बॉयलर स्टोव्ह उखडण्याआधी त्याचे पाइप बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. आयर्लंडच्या मेयो परगण्यात, कॅसलबार गावाजवळ, तुम्ही जुनं बैठं घर घेतलंय. दिवाणखान्यात काचेच्या दाराचा बॉयलर स्टोव्ह आहे, म्हणजे खोलीबरोबर घरातलं पाणीही तापवणारी बंद शेगडी, त्याच्यामागून दोन जाड तांब्याचे पाइप भिंतीत जातात, शिवाय बाहेर केरोसिनचा बॉयलर वेगळा. स्टोव्ह पेटवला की तासाभराने भिंतीतून ढबढब आवाज येतो, घरातले घाबरतात. आणि तुम्ही विचारताय की तो काढून टाकावा, की आतलं पाणी काढून नुसता शेगडीसारखा वापरावा.

दुसऱ्या गोष्टीचं उत्तर आधी देते, कारण त्यात धोका आहे. पाणी काढून पेटवू नका. आपल्याकडे बंब होते, आठवतंय का? वाईला आमच्या आजोळी न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब होता. गोवऱ्या, तुराट्या, मक्याची बुरकुंडं, जे असेल ते त्यात जायचं. आजीचा एकच नियम होता: आधी पाणी, मग जाळ. कोरडा बंब पेटवला तर सांधे सुटतात. तुमच्या स्टोव्हमागची लोखंडी पेटी कोरडी तापवली तर वाकते किंवा तडकते. आणि कोणी पाइप कापून दोन्ही तोंडं बंद केली, आत थोडं पाणी राहिलं आणि पुढे कधी कोणी तिथे जाळ केला, तर तो बॉम्बच होतो. कायमचं बंद करायचंच असेल तर ती पेटी पूर्ण रिकामी करून उघडी ठेवायची किंवा काढूनच टाकायची.

आता तो आवाज. बहुतेक वेळा पेटीतलं पाणी उकळत असतं, म्हणजे उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नसते. ही वाट तपासल्याशिवाय स्टोव्ह पेटवू नका. केरोसिनवर घर ऊबदार राहील, घाई नाही.

या सगळ्यामागची गोष्ट एकच आहे आणि ती नीट समजून घ्या. केरोसिनचा बॉयलर बटण दाबलं की बंद होतो. लाकडाचा, टर्फचा (दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटांचा), कोळशाचा जाळ बटणाने बंद होत नाही. वीज गेली, पंप थांबला, तरी निखारे तासन्‌तास उष्णता देत राहतात. ती उष्णता विजेशिवाय कुठेतरी गेलीच पाहिजे. बंबाला ही अडचण कधी आली नाही, कारण तो वरून उघडा असायचा. थंड पाणी ओतलं की गरम बाहेर पडायचं, वाफ धरली तर तोंडातून निघून जायची. तुमच्या स्टोव्हची चांगली जोडणी म्हणजे भिंतीत लपवलेला मोठा बंबच असतो, फक्त त्याचं उघडं तोंड माळ्यावर असतं.

माळ्यावर जा. तिथे एक छोटी प्लास्टिकची टाकी दिसेल. तिच्यातून एक पाइप खाली बॉयलरच्या पाण्यात भर घालायला जातो, आणि दुसरा पाइप खालून येऊन टाकीच्या वर हुकासारखा वाकलेला असतो. तो वाकलेला पाइप म्हणजे तुमच्या बंबाचं तोंड. त्याच्यावर कुठेही, म्हणजे कुठेही, नळ किंवा व्हॉल्व्ह असता कामा नये. आमच्या घरात आधीच्या कुणा फिटरने नेमका तिथेच एक व्हॉल्व्ह बसवला होता. टाकीत पाणी उकळून सांडतं अशी आधीच्या मालकांची तक्रार होती, त्यावर त्याने काढलेला हा उपाय. सांडणं थांबलं, पण सुटकेची वाटच बंद झाली. आम्ही घर घेतल्यावर पहिल्याच महिन्यात तो काढून टाकला.

मग हॉट प्रेस उघडा, म्हणजे ते कपाट, जिथे पाण्याचा सिलिंडर असतो. स्टोव्हपासून सिलिंडरपर्यंतचे दोन पाइप बघा. ते २८ मिलीमीटरचे, जाड असावेत, आणि सतत चढत गेलेले असावेत. गरम पाणी हलकं म्हणून वर चढतं, थंड जड म्हणून खाली उतरतं, आणि पंपाविना चक्र फिरत राहतं. मध्ये कुठे पाइप खाली उतरून पुन्हा वर गेला असेल तर तिथे हवा अडकते आणि चक्र थांबतं. दुमजली घरात सिलिंडर वरच्या मजल्यावर असल्यामुळे हे छान चालतं. तुमच्यासारख्या बैठ्या घरात स्टोव्ह आणि सिलिंडर जवळजवळ एकाच पातळीवर असतात, म्हणून नैसर्गिक चक्र मंद असतं आणि बरीचशी मदार पंपावर येते. मेयोमधल्या बैठ्या घरांची ही नेहमीची दुखरी जागा आहे. सिलिंडर उंच चौथऱ्यावर घेता आला तर घ्या. त्याच चक्रावर न्हाणीघरातला एक रॅडिएटर असा ठेवतात की त्याला तापमानाचा नॉब नसतो, तो कधी बंद करताच येत नाही. जास्तीची उष्णता त्यातून निघून जाते. कोणी हौसेने त्याला नॉब बसवला असेल तर काढायला लावा.

ढबढबीची कारणं शोधायला घरच्या घरी करता येतील असे दोन उपाय सांगते. दोन्ही मी स्वतः केलेत. एक, पुढच्या वेळी तंत्रज्ञ समोर असताना अगदी छोटा जाळ करा आणि स्टोव्हजवळच्या दोन्ही पाइपांना हात लावून बघा, जपून. वरचा चटका देण्याइतका गरम आणि खालचा अर्ध्या तासानंतरही गार असेल तर पाणी फिरत नाहीये. दुसरा उपाय जाळ न करताच होतो. एक साधं लोहचुंबक घ्या आणि माळ्यावरच्या टाकीतून खाली येणारा पाइप जिथे मोठ्या पाइपाला मिळतो तिथे लावा. तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत काळा गाळ साचलाय. लोखंडी रॅडिएटर आतून गंजून तयार झालेली ती काळी पूड असते आणि ती नेमकी त्या सांध्यावर बसते. पाइप तुंबला की बॉयलरला भर मिळत नाही, आणि पाणी कमी होऊन उकळायला लागतं. आमच्याकडे तेच निघालं होतं. तेवढा तुकडा कापून नवा घातला, सगळी यंत्रणा धुवून गंजरोधक द्रव घातला, आणि आवाज गेला. तुमच्याकडे विहिरीचं पाणी असेल तर क्षाराचाही संशय घ्या, इकडे चुनखडीच्या खडकामुळे पाणी जड असतं.

टाकीचं पाणी गोठलंय का, हे थंडीत बघायचं. डिसेंबर २०१० ची थंडी मला अजून आठवते. २५ डिसेंबरला मेयोमधल्याच स्ट्रेड इथे उणे १७.५ अंशांची नोंद झाली होती. आम्ही चार दिवस डब्लिनला मैत्रिणीकडे होतो. परतलो तेव्हा घर बर्फासारखं, पहिला विचार स्टोव्ह पेटवायचा. मी काटक्या रचलेल्या, काडी हातात, तेवढ्यात शेजारचे म्हातारे शेतकरी विचारपूस करायला आले. त्यांनी पहिला प्रश्न केला, माळ्यावर जाऊन आलात का? टाकीवर बर्फाचा जाड थर होता आणि खाली येणारा पाइपही गोठलेला. भर घालणारा आणि वाफ सोडणारा, दोन्ही पाइप गोठले असताना मी जाळ केला असता तर पेटी फुटली असती. तेव्हापासून कडाक्याच्या थंडीत गावाला जाऊन आलं की आधी शिडी लावते. टाकीला आणि माळ्यावरच्या पाइपांना जाड वेष्टण घाला, टाकीच्या बुडाखालचा भाग मात्र मोकळा ठेवा, म्हणजे खालच्या खोलीची ऊब तिला लागते.

वीज गेल्यावर काय होतं हेही सांगते. २४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळ आलं तेव्हा देशातल्या साडेसात लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. आमच्याकडे सहा दिवस नव्हती. केरोसिनचा बॉयलर बंद, कारण त्यालाही वीज लागते. आमचं चक्र पंपाशिवाय फिरतं, म्हणून मंद जाळावर सिलिंडर रोज तापला. स्टोव्हच्या माथ्यावर कुकर ठेवून वरणभात झाला, आणि शेजारची दोन घरं आमच्याकडे आंघोळीला येत होती. तुमची जोडणी पंपावर अवलंबून असेल तर छोटा इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्यांना हे सांगायला नको. पंप साधारण ५० वॉटचा असतो, सहा तासांना ३०० वॉट-तास पुरतात. पण इन्व्हर्टर हा माळ्यावरच्या उघड्या पाइपाला पर्याय नाही, फक्त जोडीला आहे. पंप चालू करणारा थर्मोस्टॅट पाइपावर बसवलेला असावा, साधारण ५० ते ६० अंशांना पंप सुरू करणारा. त्याआधी गार पाणी पेटीत परत आलं तर पेटीच्या भिंतींवर धुरातली वाफ जमते आणि डांबर चिकटतं.

केरोसिनचा बॉयलर आणि स्टोव्ह दोन्ही एकाच सिलिंडरला जोडायचे असतील तर दोन कॉइलचा, म्हणजे आत गरम पाण्याच्या नळीची दोन वेगळी वेटोळी असलेला, सिलिंडर हवा. केरोसिनची बाजू दाबाखाली बंद असेल, म्हणजे तिला माळ्यावर उघडं तोंड नसेल, तर तिला स्टोव्ह थेट जोडू देऊ नका, कितीही स्वस्तात होत असलं तरी. बंद यंत्रणेला चालणारे स्टोव्ह असतात, पण त्यांच्या पेटीत गार पाण्याची वेगळी कॉइल असते आणि पाणी ९५ अंशांच्या आसपास गेलं की एक व्हॉल्व्ह आपोआप उघडून ते थंड करतो. जुन्या स्टोव्हमध्ये ते शोधू नका.

आता इंधन. इथे लोक फसतात, म्हणून हिशेब मांडते. १२० लिटर पाणी १५ वरून ६० अंशांवर न्यायला सव्वासहा युनिट उष्णता लागते. चांगलं वाळलेलं एक किलो लाकूड चार युनिट देतं, ओलं त्याच्या निम्मं. तुमचा स्टोव्ह १५ किलोवॉटचा असेल, म्हणजे समजा १० पाण्याला आणि ५ खोलीला, आणि कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर पूर्ण जोरात तासाला पाच किलो लाकूड खातो. रोज संध्याकाळचे पाच तास, हिवाळ्याच्या १५० संध्याकाळी, म्हणजे पावणेचार टन. रचून आठेक घनमीटरची रास. एवढी जागा, छपराखाली आणि वाऱ्यावर, तुमच्याकडे आहे का? नसेल तर पेट्रोल पंपावरच्या पिशव्या विकत घेऊन हा स्टोव्ह परवडणार नाही, हे स्पष्ट सांगते.

लाकडात ओल २० टक्क्यांच्या आत हवी. ओंडका फोडून आतल्या बाजूला मीटर टोचा, बाहेरून नाही. ३१ ऑक्टोबर २०२२ पासून देशभर जास्त धूर करणारा कोळसा विकायला बंदी आहे, आणि दोन घनमीटरपेक्षा कमी विकलं जाणारं लाकूड वाळलेलंच असावं लागतं. टर्फ दुकानात किंवा ऑनलाइन विकता येत नाही, पण ज्यांचा दलदलीवर हक्क आहे ते स्वतःसाठी कापतात. शेजाऱ्यांच्या टर्फच्या विटा उभ्या करून वाळत घालायला आम्ही दरवर्षी जातो. कंबर मोडते, पण त्या मोकळ्या वाऱ्यातला तो दिवस मला फार आवडतो. ओलं लाकूड आणि कोळसा एकत्र मात्र जाळू नका. कोळशातला गंधक आणि लाकडाची वाफ मिळून आम्ल होतं, ते धुराड्याचं अस्तर खातं. आणि रात्रभर धुमसत ठेवण्याची सवय सोडा. पेटीभोवती पाणी असल्यामुळे आतला जाळ तसाही गार पडतो, त्यात हवा कमी केली की काच काळी आणि धुराड्यात डांबर. धुराडी पेटतात ती यानेच. वर्षातून एकदा, टर्फ असेल तर दोनदा, धुराडं झाडून घ्या.

भिंतीतली हवेची जाळी कापड कोंबून बंद केली असेल तर आजच मोकळी करा. आपल्या घरांतली खास गोष्ट म्हणजे फोडणी. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पूर्ण जोरात लावला की तो घरातली हवा ओढतो आणि धुराड्यातला धूर उलटा खोलीत येतो. खमंग वासात तो कळतही नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. अलार्म बसवा, स्टोव्ह असलेल्या खोलीत एक आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ एक. फोडणीच्या वेळी खिडकी किलकिली ठेवा.

कधी पाणी उकळायला लागलंच तर: खालची आणि वरची हवा पूर्ण बंद करा, दार उघडू नका, पंप आणि सगळे रॅडिएटर चालू करा, गरम पाण्याचा नळ सोडा, पण हात लांब ठेवून. जाळावर पाणी ओतायचं नाही. आणि पेटी कोरडी झाल्याचा संशय असेल तर पूर्ण गार होईपर्यंत तिच्यात थेंबही भरायचा नाही.

मग ठेवावा की काढावा? माझं मत असं. जळण स्वस्तात आणि वाळलेलं मिळत असेल, जागा असेल, घरात कुणाला दमा नसेल आणि रोज अर्धा तास राख-जळणात घालवायची तुमची तयारी असेल, तर दुरुस्त करून ठेवा. यातलं काही नसेल तर आधी माळ्यावर ३०० मिलीमीटरचं इन्सुलेशन घाला. त्यासाठी आणि हीट पंपासाठी (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र) एसईएआयचं, म्हणजे इथल्या सरकारी ऊर्जा संस्थेचं, अनुदान मिळतं. मग बॉयलर नसलेला छोटा स्टोव्ह फक्त खोलीपुरता ठेवा. घर नीट बंदिस्त झाल्यावर मोठा बॉयलर स्टोव्ह दिवाणखान्यात बसवेना इतकी उष्णता करतो, हे मी दोन मैत्रिणींच्या घरी पाहिलंय.

तंत्रज्ञ बोलावताना घन इंधनाच्या जोडणीचा अनुभव आहे का ते फोनवरच विचारा. गॅस आणि केरोसिनवाले सगळेच हे काम जाणत नाहीत. माळ्यावरच्या टाकीचा, वाकलेल्या पाइपाचा आणि हॉट प्रेसमधल्या सांध्यांचा फोटो इथे टाकलात तर मी संध्याकाळी बघते. चुंबक चिकटलं की नाही, तेही त्यासोबत लिहा.