ऑम्निस्लॅश शेवटी फुकटच मिळतो, मग बॅटल स्क्वेअरमध्ये तासन्‌तास कशाला घालवायचे?

घालवायचे. 'शेवटी फुकटच मिळतो' हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं माझ्या आत्तेभावाकडून ऐकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ऑम्निस्लॅश म्हणजे 'फायनल फँटसी सात' या व्हिडिओ गेमचा नायक क्लाउड याचा सर्वांत जबर वार, आणि बॅटल स्क्वेअर म्हणजे तिथला आखाडा, जिथे लढून बीपी (बॅटल पॉइंट) कमवायचे आणि त्यांवर बक्षिसं घ्यायची.

मे २००६. सुट्टीत जळगावला आत्याकडे होतो. दादाकडे जुना प्लेस्टेशन आणि तीन डिस्कची फायनल फँटसी सात. ऑम्निस्लॅशच्या मॅन्युअलला, म्हणजे तो वार शिकवणाऱ्या पुस्तिकेला, डिस्क १ वर पन्नास हजारांच्या वर बीपी लागतात, डिस्क २ वर ३२,००० पुरतात. मला मात्र तो डिस्क १ वरच हवा होता, क्लाउडची सोबतीण एरिथ अजून सोबत असताना. तिच्यादेखत क्लाउडने तो वार एकदा तरी करावा, एवढंच डोक्यात होतं.

एका फेरीत आठ लढती. प्रत्येक लढत जिंकली की चक्र फिरतं आणि काहीतरी काढून घेतं. कधी निम्मा एचपी (जीव) जातो, कधी मटेरिया (जादूचे मणी), कधी क्लाउडचा बेडूक होतो. त्यात बॅटल स्क्वेअर सोडून बाहेर पडलात की साठलेले बीपी शून्य. म्हणजे मध्येच सेव्ह करून ठेवायची सोय नाही, सगळं एका बैठकीत. आणि जळगावात तेव्हा रोजचं तासन्‌तासांचं लोडशेडिंग. पहिल्या खेपेला ३८ हजारांवर पोचलो होतो आणि भर दुपारी लाइट गेली. काळ्या पडद्यासमोर मी किती वेळ बसून राहिलो, आठवत नाही. आत्याने पन्हं आणून दिलं, तेही खाली उतरेना.

दादा म्हणाला, "कशाला जीव काढतोस? शेवटी खलनायक सेफिरोथसमोर क्लाउड एकटा उरतो, खास वाराचं गेज आपोआप भरतं. शिकला नसलास तरी ऑम्निस्लॅश मिळतोच."

ते खरंच आहे. पण त्याने स्वतः ती लढाई पहिल्यांदा खेळली तेव्हा मी शेजारीच होतो. यादीत ते नाव दिसलं तेव्हा त्याने मला विचारलं होतं, "हे काय असतं?" मला तेच खटकलं होतं. अख्ख्या गोष्टीचा शेवट ज्या वारावर होतो, तो त्याच्या ओळखीचाच नव्हता!

दुसऱ्या खेपेला रात्री अकराला लाइट आल्यावर बसलो. या खेपेला नशिबाने बेडूक-बिडूक काही लागलं नाही. पहाटे चारच्या सुमाराला मॅन्युअल हातात आलं. दादा बाजूलाच झोपला होता, त्याला हलवून दाखवलं. त्याने एक डोळा उघडून "बरं" म्हटलं आणि कूस बदलली. ते 'बरं' मी अजून विसरलेलो नाही.

उपयोगाचं म्हणाल तर १५ घाव आहेत. एकेक ९,९९९ चा बसला तर १,४९,९८५ होतात. दहा लाख एचपीच्या एमराल्ड वेपन या बॉससमोर याची किंमत कळते, आणि तिथे फुकट कोणी काही देत नाही. समोर शत्रू बरेच असले की घाव वाटले जातात, म्हणून एकट्या बॉससाठीच राखून ठेवा. गेज लवकर भरायला हायपर हे गेममधलं औषध द्या. पुढे २००५ च्या अ‍ॅडव्हेंट चिल्ड्रन या चित्रपटात याचीच पाचवी आवृत्ती दाखवली, स्मॅश ब्रदर्स या गेममध्येही क्लाउडचा अखेरचा वार हाच ठेवला. बनवणाऱ्यांनाच तो क्लाउडची ओळख वाटतो, तर खेळणाऱ्याने तो शेवटच्या पाच मिनिटांत पहिल्यांदा का बघावा? दादा, तू हे वाचत असशील तर याचं उत्तर अजून बाकी आहे.

घाई नसेल तर डिस्क २ पर्यंत थांबलात तरी चालेल, कष्ट बरेच वाचतात. फक्त क्लाउडचे आधीचे सहाही लिमिट (गेज भरल्यावर करता येणारे खास वार) शिकून झालेत ना, ते आधी बघा. त्यातला एक जरी राहिला असेल तर मॅन्युअल हातात असूनही वापरता येत नाही.